आत्या आणि खवळलेला समुद्र

समुद्राला इंग्रजीतून नावं ठेवणारी बाई उभ्या मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि ती माझी आत्या. तिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. माले गावातल्या तिच्या घरासमोर भातखाचरं आणि त्यापलीकडे डोंगर. शिक्षण सातवीपर्यंत. पण तिची एकुलती एक लेक मालवाहू जहाजावर अधिकारी झाली, आणि एकदा "आई, आज समुद्र जरा चॉपी आहे" एवढं बोलून तिचा फोन तुटला, तो दोन दिवस लागला नाही. लेक सुखरूप होती. पण त्या दोन दिवसांत आत्याने ठरवून टाकलं, की समुद्राबद्दल इंग्रजीत जे जे वाईट बोलता येतं, ते सगळं आपल्याला यायलाच हवं.

तिच्या वरच्या खोलीत हिंजवडीत नोकरी करणाऱ्या दोन मुली भाड्याने राहतात. त्याच तिच्या मास्तरणी. सकाळी दारात कंपनीची गाडी हॉर्न वाजवत असते आणि आत्या जिन्यात वाट अडवून उभी. "आधी 'स्वेल' सांग, मंग जा." स्वेल म्हणजे लाटांचा फुगारा, हे ऐकून ती खूश झाली. "म्हंजी सूज. माझ्या गुडघ्यावानी." 'चर्निंग' तर तिने ताक घुसळता घुसळता आपलंसं केलं. 'टेम्पेस्चुअस'चं, म्हणजे वादळीचं, मात्र 'टेंपोचुलस' झालं, ते आजतागायत तसंच आहे. फळीवरच्या डब्यांवर तिने खडूने शब्द लिहून ठेवलेत. साखरेवर 'स्क्वॉल', म्हणजे अचानक सुटणारं वादळी वारं; साखर मागितली, की म्हणते, "त्या स्क्वॉलात बघ." हिसके देत चाललेल्या पौडच्या एसटीत तिने ड्रायव्हरला "लई चॉपी चालवतुयास" असं सुनावलं. त्याला ते कौतुक वाटलं. त्याने वेग वाढवला.

खरा घोटाळा केला 'फिनॉमिनल'ने. समुद्र किती खवळलाय हे सांगायच्या पायऱ्या असतात, त्यातली ही सगळ्यात वरची, सगळ्यात भयंकर. ती पाठ झाली त्याच आठवड्यात वरच्या खोलीतली एक मुलगी जेवताना म्हणाली, "काकू, आमटी फिनॉमिनल झालीये!" आत्याने तिच्यासमोरचं ताटच उचललं. "एवढी वंगाळ हाय तर खातीस कशाला?" हातात उरलेला भाकरीचा तुकडा सावरत ती बिचारी शब्दाचा दुसरा अर्थ समजावत बसली. आत्याला तो अजून पटलेला नाही.

गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. ती पडवीत चष्मा लावून, मोबाइलवरच्या शब्दाशब्दावर बोट ठेवत, लेकीच्या जहाजाकडचं हवामान वाचत होती. "व्हेरी रफ," ती हळूच म्हणाली. तेवढ्यात लेकीचाच फोन आला.

"आई, समुद्र अगदी शांत आहे गं. मस्त झोप झाली."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "व्हय का? बरं झालं बाई. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "आत्या, तुला तर सगळं कळलं होतं. बोलली का नाहीस?"

"तिला वाटतंय, आईला कळत न्हाई. वाटू दे. तितं तेवढाच एक घोर कमी."

मग तिने पदराने चष्मा पुसला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "'सबसाइड' म्हंजी ओसरनं ना रं?"

"हो."

"मंग बरूबर. उद्या दुपारपासनं म्हनत्यात," ती म्हणाली, आणि त्या ओळीवर बोट ठेवून तशीच बसून राहिली.