शाल, श्रीफळ आणि भिजलेली पेटी

वादळ आमच्या गावावर येईस्तोवर त्याचा जोर ओसरेल, असं टीव्हीवरचे लोक सांगत होते. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या बेसमेंटला हे कुणी कळवलं नव्हतं. वीज गेली, विजेबरोबर बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा संप पंप बंद पडला आणि उपसणारं कुणी नाही म्हटल्यावर जमिनीखालचं पाणी खुशाल वर आलं. सकाळी जिन्यावरून खाली पाहिलं तर माझी पेटी पाण्यात बसली होती आणि दोन्ही तानपुरे तिच्या आजूबाजूला तरंगत होते.

मी गाते आणि गाणं शिकवते. बेसमेंटमधली ती खोली म्हणजे माझी शाळा, माझं ऑफिस, जे काय म्हणाल ते. पेटीचा भाता उकलला होता, आतले सूर गंजायला लागले होते, एका तानपुऱ्याचा भोपळा सांध्यापाशी तडकला होता. घराच्या विम्यात पुराचं पाणी येत नाही, हे विमावाल्याने फार गोड आवाजात सांगितलं. वाद्यं पुन्हा उभी राहिली नाहीत तर क्लास बंद, आणि क्लास बंद म्हणजे मी पुन्हा नुसती नवऱ्याच्या मागून अमेरिकेत आलेली बाई. ते मला नको होतं. एकदा तशी राहून झालं होतं.

क्लासमधल्या एका मुलीच्या आईने एका संस्थेची माहिती पाठवली. पूर, आग, वादळात सापडलेल्या रंगमंचावरच्या कलाकारांना ही संस्था पैशांची मदत करते आणि पुन्हा कामाला लागेपर्यंत एक माणूस सोबतीला देते. माझ्या वाट्याला आलेली बाई फार चांगली होती. तिने फोनवर आधी विचारलं, जेवताय ना, झोप लागते ना. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी तोवर एकच विचारलं होतं, "क्लास कधीपासून रिझ्यूम होतोय?"

अट एकच होती. तुम्ही व्यावसायिक कलाकार आहात हे दाखवा. करार, बिलं, काहीही चालेल. नसेल तर ज्यांनी तुम्हाला गायला बोलावलं त्यांची पत्रं.

करार! बिलं! मी या देशात आले ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडून. त्या व्हिसावर कमवायला बंदी होती, गायला नव्हती. म्हणून गणपतीत गायले, दिवाळी पहाटेला गायले, कुणाच्या साठीशांतीला, कुणाच्या बारशाला गायले, आणि मोबदला म्हणून शाल, श्रीफळ आणि "काय गायलीस गं!" एवढं घेत राहिले. मुलं शिकायला यायची ती डब्यातून उकडीचे मोदक किंवा कढीपत्त्याची कुंडी घेऊन. पुढे ग्रीन कार्ड आलं, कमवायची परवानगी आली, पण तोवर सगळ्यांना सवय लागली होती. परवानगी सरकारने दिली होती, मंडळाने दिली नव्हती. गुरुपौर्णिमेला पाकिटं यायची, तीही अशी लाजत लाजत हातात कोंबलेली की पाकिटाबद्दल बोलणंसुद्धा पाप वाटावं.

म्हणून मी मंडळाच्या अध्यक्षांकडे पत्र मागितलं. अध्यक्ष म्हणजे आमचे काका. सख्खे नव्हेत, हृदयाचे नामांकित डॉक्टर, आता निवृत्त, इथे सगळ्यांच्या आधी आलेले आणि म्हणून सगळ्यांचे काका. त्यांनी ते काम असं मनावर घेतलं की विचारू नका. स्वतः पत्र लिहिलं, कमिटीतल्या झाडून सगळ्यांना लिहायला लावलं, आणि सगळी पत्रं परस्पर संस्थेकडे पाठवून मला फोन केला, "डोंट वरी बेटा, अशी स्ट्राँग पत्रं गेलीत ना, ते नाही म्हणूच शकत नाहीत!"

ते नाही म्हणाले.

संस्थेच्या बाईने फोन केला तेव्हा तिच्याच आवाजात अवघडलेपण होतं. पत्रं फार सुंदर आहेत, म्हणाली, आणि तीच अडचण आहे. मग तिने वाचून दाखवली. काकांनी लिहिलं होतं, ही आमच्या मुलीसारखी आहे, इतक्या वर्षांत हिने एका सेंटलाही हात लावलेला नाही, हिची कला म्हणजे निव्वळ सेवा. बाकीच्यांनी काकांच्या वर कडी केली होती. एकाने लिहिलं, पैशाचा विचार हिच्या मनाला कधी शिवलाच नाही. एका काकूंनी लिहिलं, कार्यक्रमाला स्वतःची पेटी स्वतःच्या गाडीतून आणते, वर पन्नास माणसांचा शिराही करून आणते. निवड समितीने हे सगळं वाचून रीतसर निष्कर्ष काढला होता की हा छंद आहे.

मी कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक शब्द खरा होता, हेच तर दुखणं होतं. इतक्या प्रेमाने माझा गळा आजवर कुणी कापला नव्हता.

बाई म्हणाली, केस मी उघडी ठेवते, अलीकडच्या एका तरी कार्यक्रमाचे पैसे मिळाल्याचा पुरावा आणा.

मी काकांना फोन केला आणि सगळं समजावून सांगितलं. ते हळहळले. म्हणाले, "अगं, मग आपणच काहीतरी करू ना! तुझ्यासाठी बेनिफिट प्रोग्रॅम ठेवू. पूरग्रस्त कलाकाराला मदत."

"गाणार कोण?"

"म्हणजे काय? तूच!"

डोक्यात तिडीक गेली. पण पुरावा हवा होता, म्हणून शांतपणे म्हटलं, "चालेल काका, पण त्याचे मला गाण्याचे पैसे म्हणून द्या. चेकने." ते म्हणाले, "हो हो, चेकनेच देऊ." तेवढंच त्यांनी ऐकलं होतं.

कार्यक्रम झाला. उसन्या पेटीवर गायले. तिचा खालचा षड्ज सारखा भुंकत होता. शाळेच्या हॉलचं भाडं दिलं गेलं, बटाटेवडेवाल्याचं बिल दिलं गेलं, साउंडवाल्याने तर पैसे हातात पडल्याशिवाय माइकच लावला नाही. त्याला कुणी म्हणालं नाही की तू आपलाच आहेस. शेवटी सगळे खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा चेक काकांनी मला स्टेजवर दिला. बरोबर शाल आणि श्रीफळ. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी चेक पाहिला. खाली कशासाठी लिहायचं त्या ओळीवर काकांच्या डॉक्टरी अक्षरात लिहिलं होतं, डोनेशन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात होते. काकू पोहे परतत होत्या. मी चेक टेबलावर ठेवला.

"काका, हा परत घ्या."

"का गं? कमी वाटला?"

"डोनेशन लिहिलंय. मला देणगी नकोय, बिदागी हवीय. हा चेक तिकडे पाठवला तर ते म्हणतील, बघा, लोक हिला भीक घालतात पण गाण्याचे पैसे देत नाहीत."

काका खरोखरच दुखावले. "अगं, आपल्या माणसाला बिदागी कशी द्यायची? इट फील्स सो चीप."

काकूंनी वळूनही न बघता म्हटलं, "माझ्या सख्ख्या भावाला अँजिओग्राफीचं बिल लावलं होतं यांनी."

काका उठले, ड्रॉवरमधून मंडळाचं चेकबुक आणलं, चष्मा लावला. "ओके. देणगीतून काढून बिदागीचा वेगळा चेक करतो. सांग, किती लिहू?"

येताना गाडीत आकडा पक्का केला होता. तो सांगितला. काकांचं पेन थांबलं. आता हे घासाघीस करणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते.

"एवढेच?" ते म्हणाले. "अगं, साउंडवाल्याने याच्या दुप्पट घेतले."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. इतके दिवस या माणसांवर मी जळफळत होते, आणि त्या स्वयंपाकघरात मला तोंड वर करून बघवेना. "असू दे, तेवढेच लिहा," हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"साउंडवाल्याइतके लिहा," मी म्हटलं, आणि तेवढं म्हणतानाही मला घाम फुटला.