दत्ता, लिथियम आणि नांदूरघाटचे पोहे

गेवराईत आमचं सोलरचं दुकान हाय. बॅटरी एकदा भिंतीला लावली की आमचं काम संपायला पाहिजे, पण संपत न्हाई. लिथियमची बॅटरी आली तशी लोकांची कामं कमी झाली अन् आमच्याकडचे किस्से वाढले. बॅटरी नवी असली तरी माणसं जुनीच हायत ना. त्यात आमीबी आलोच.

यातले बहुतेक किस्से आमच्या दत्तासोबतचे. दत्ता दुकानाचा मिस्त्री. हात लई चांगला, पण तोंड बॅटरी सोडून दुसऱ्या विषयावर उघडत न्हाई. तिशी उलटली तरी लग्न जमंना. जिकडं पोरगी बघायला जाईल तिकडून नकार. त्याची आई बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसते अन् मला म्हणते, "मालक, ह्याला जरा बोलायला शिकवा. पोरगी म्हंजी काय इन्व्हर्टर हाय का?"

*

आमच्या गल्लीत एक रिटायर गुरुजी राहतात. जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला ते दर आईतवारी अंघोळ करून डिस्टिल वॉटर घालायचे, पिंडीला अभिषेक करावा तसं. आमी लिथियम बसवली अन् पुढच्याच आईतवारी गुरुजी कॅन घेऊन दुकानात हजर.

"दत्ता, हिचं झाकण कुठं हाय? मी चारी बाजूंनी बघितलं."

"गुरुजी, हिला पाणी लागतच न्हाई."

"मंग काय लागतं?"

"काही न्हाई. धूळ बसली की कोरड्या फडक्यानं पुसा."

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "मंग मी आईतवारी करू काय?"

शेवटी त्यांच्या बायकोनंच तोडगा काढला. आता गुरुजींच्या दारातली तुळस डिस्टिल वॉटरवर हाय. चांगली फुटलीय, खोटं कशाला बोलू.

*

बाजारपेठेतल्या एका काकूंचा फोन आला, घरात अंधार. गेलो तर घरघंटी, मिक्सर अन् इस्त्री, तिन्ही एकदम चालू केलेली. दत्तानं समजावलं, "काकू, बॅटरीच्या आत बीएमएस असतो. लोड जास्त झाला की तो स्वतःच बंद करतो. बॅटरी जळू नये म्हणून."

"बीएएमएस? डॉक्टर?"

"डॉक्टर न्हाई हो, सर्किट असतंय. बीएमएस."

"एकच की. आमचे जावई बीएएमएस हायत. जरा काम जास्त सांगितलं की तेबी असेच बंद पडतात."

जावई तिथंच पलंगावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी गुपचूप पान उलटलं.

*

तलवाड्याकडच्या एका सरपंचांना दत्तानं सांगितलं होतं, बॅटरीला ऊन सोसत न्हाई, थंड जागेत ठेवा. मे महिन्यात त्यांची तक्रार आली, "रात पुरत न्हाई तुमची बॅटरी."

जाऊन बघतो तर बॅटरीसमोर भला मोठा कूलर लावलेला. अन् तो कूलर चालतोय त्याच बॅटरीवर. घरची माणसं ओसरीत घाम पुसत बसलेली.

दत्ता म्हणाला, "सरपंच, ही दिवसभर गोळा करते अन् सगळं स्वतःच खाते."

सरपंचांनी कूलरचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "म्हंजी पुढारीच हाय म्हण की."

*

आता दत्ताचं. माजलगावकडं पोरगी बघायला गेलतो. पोरीच्या मावशीनं सरळ विचारलं, "तुमाला पोरगी कशी पाहिजे?"

ह्या बाबानं मान वर न करता उत्तर दिलं, "मेंटेनन्स फ्री."

पोहे यायच्या आत आमी गाडीत होतो. आई गेवराईपर्यंत पदरात तोंड घालून रडली. मला त्या माउलीचं लई वाईट वाटलं अन् दत्ताचा लई राग आला.

*

म्हणून नांदूरघाटला जाताना मी त्याला दम दिला, "बॅटरीचा ब काढायचा न्हाई. हे बी स्थळ गेलं तर तुझी आई काय पुढच्या स्थळाला यायची न्हाई."

घर चांगलं होतं. पोरगी, वैशाली, घरीच ब्लाऊज शिवते. ती पोहे घेऊन आली, दत्तासमोर बसली अन् तेवढ्यात पंखा थांबला. तिचे वडील ओशाळले. म्हणाले, "लाईट गेली वाटतं. नवी लिथियम बसवलीय, पण थोडा वेळबी टिकत न्हाई. हिची मशीन सारखी बंद पडते."

दत्तानं माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांकडं बघितलं. आईनं डोळे मिटून घेतले.

दोन घास कसेबसे गिळून दत्ता उठलाच. इन्व्हर्टरची सेटिंग अजून जुन्या पाण्याच्या बॅटरीचीच ठेवलेली. ती बदलली, पंखा फिरला. मग वैशालीला लिथियमचं चार्जिंग कसं चालतं ते त्यानं इतकं मन लावून सांगितलं, की तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

वडील म्हणाले, "कळवतो." आमच्याकडं कळवतो म्हंजे न्हाई. आई ह्यावेळी रडली बी न्हाई, नुसती खिडकीबाहेर बघत बसली.

थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला, बॅटरी बंद पडलीय. दत्ता मोटारसायकलवर एवढ्या लांब गेला अन् परत येऊन म्हणाला, "काही न्हाई, एमसीबीचा खटका खाली पडलता." पुढच्या आठवड्यात परत फोन. परत एमसीबी. त्यानंतर फोन आला तेव्हा मीच सोबत निघालो. म्हटलं, असा काय फॉल्ट हाय हा, की आमच्या हुशार मिस्त्रीला सापडंना?

बॅटरी फुल होती. वायरिंग ठीक. एमसीबी आपोआप पडलेली नव्हती, कुणीतरी बोटानं खाली केलती.

दत्तानं विचारलं, "ह्याला घरात हात कोण लावतं?"

वैशाली चहा घेऊन आली होती. कप त्याच्यासमोर ठेवत म्हणाली, "मी."

वडील पंख्याकडं बघायला लागले. दत्ताचे कान लाल झाले.

ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या दुकानाची वारंटी किती वर्षांची असती?"

"दहा," दत्ता कसाबसा बोलला.

"कमी हाय," ती म्हणाली.