फाटकाशी थांबणारी स्कूटर

ज्यांच्या स्कूटरच्या आवाजाने धडधाकट म्हातारे खाट धरत आणि खाट धरलेले ताडकन उठून बसत, असे गृहस्थ उज्जैनमध्ये एकच झाले, आणि ते माझे चुलत दीर होते. शिक्षण वैद्यकीचं, पण औषध कधी कुणाला दिलं नाही. माणूस शेवटच्या वाटेवर असताना डॉक्टर काय म्हणतात, घरचे काय मागतात आणि धर्म काय सांगतो, या तिघांचं कुठे जुळतं अन् कुठे फाटतं, हा त्यांचा अभ्यास. त्याला जैवनीतिशास्त्र म्हणतात. पण मी तेव्हा नवी सून, त्यात बी.ए. झालेली, म्हणजे मला सगळंच कळायचं. शेजारणीने विचारलं, "भाभी, आपके देवर करते क्या हैं?" मी तोऱ्यात सांगितलं, "मरने के प्रोफ़ेसर हैं!" झालं! तोच किताब गावभर झाला, आणि भावजींनी तो जन्मभर बिनतक्रार वागवला.

जैनांचा अन्नपाणी सोडून देह ठेवायचा संथारा असो, मुसलमानांच्या घरी कानाशी म्हटला जाणारा कलमा असो, की आपलं तुळशीपत्र-गंगाजल, त्यांना सगळ्याची सारखीच ओढ. जिथे कुणी आजारी असेल तिथे जाऊन बसायचं आणि ऐकायचं. त्यामुळे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की यांची स्कूटर दारात थांबली म्हणजे इंदूरच्या मुलांना फोन लावायची वेळ आली. एकदा माधव नगरात भर दुपारी चाक पंक्चर झालं, ते नेमकं एका निवृत्त हेडमास्तरांच्या फाटकासमोर. हेडमास्तर काठी घेऊनच बाहेर आले. "अभी ज़िंदा हूँ मैं! गाड़ी आगे बढ़ाओ!"

"बढ़ाता हूँ, सर. पर एक बात बताइए, आख़िर में आप क्या चाहेंगे?"

हेडमास्तरांनी आधी काठी उगारली, मग खुर्ची मागवली. दिवेलागणीपर्यंत दोघं अंगणात बोलत बसले होते, आणि पंक्चर तसंच.

हा प्रश्न ते कुणालाही, कुठेही विचारत. लग्नात श्रीखंड वाढता वाढता नवरीच्या आजोबांना विचारला, तेव्हा पंगतीतून त्यांना मीच दंडाला धरून बाजूला नेलं. मलाही विचारलं.

"वहिनी, शेवटी काय हवं?"

"गरम जिलेबी," मी पोहे परतत म्हटलं.

दुसरा कुणी हसून सोडून देता. भावजी गुरुजींना विचारून आले, जिलेबीच्या पाकात तुळशीपत्र चालेल का म्हणून! "चालेल म्हणाले, वहिनी. पण डॉक्टर साखरेचं काढतील. आता खरं सांगा पाहू." खरं मी कधी सांगितलं नाही. असलं काही बोललं की ते येऊन घरात बसतं, असं मला वाटे. बी.ए. झाले होते ना!

मग आमच्याच घरावर वेळ आली. आमच्या यांना दवाखान्यात ठेवलं होतं, घशात नळी. वन्सं देव्हाऱ्यातलं गंगाजल घेऊन आल्या आणि डॉक्टरांशी भांडायला उभ्या राहिल्या. "माझा भाऊ कोरड्या तोंडाने जायचा का?" डॉक्टर म्हणत होते, तोंडाने थेंबही नाही, छातीत उतरेल. सगळे भावजींकडे बघू लागले. याच वादावर त्यांनी देशोदेशी भाषणं केली होती. आता तासभर ऐकावं लागणार, म्हणून मी भिंतीला टेकले.

ते एवढंच म्हणाले, "दादाला मी विचारलं होतं."

वन्संनी गंगाजलाचा गडू खाली घेतला.

"तो म्हणाला, पाणी कुठलंही चालेल रे, नळाचं का असेना. फक्त तुझ्या वहिनीच्या हातचं असू दे."

इतकी वर्षं मी यांना चहा-पाणी देत आले होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी ओल्या कापसाने ओठ टिपायची परवानगी दिली. वन्संनी गडू माझ्या हातात ठेवला. भावजी बाहेर जाऊन उभे राहिले, खिडकीकडे तोंड करून.

गेल्या वर्षी ते स्वतः गेले. पुण्याला लेकीकडे, जेवण करून आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता, चष्मा नाकावर तसाच. ना गंगा, ना तुळस, ना डॉक्टर. जन्मभर ज्याचा अभ्यास केला, ते सगळं चुकवून हा माणूस हळूच निसटला. कळलं तेव्हा मला आधी रागच आला. माझं उत्तर घ्यायचं राहिलं होतं की!

आता माझी तब्येत जरा नरमच असते. मुलं प्रेमळ आहेत. सकाळ-संध्याकाळ फोनवर विचारतात, गोळी घेतली का, जेवलीस का, झोप लागली का. ते एक सोडून सगळं विचारतात. मी सुरुवात केली की म्हणतात, "आई, काहीतरीच काय बोलतेस!" आणि फोन नातवाकडे देतात.

सकाळी पोह्यांची बशी घेऊन मी ओट्यावर बसते. रस्त्यावरून एखादी जुनी स्कूटर खडखडत आली की घास हातातच राहतो. ज्या आवाजाला सारी गल्ली घाबरायची, तो आपल्या फाटकाशी थांबावा म्हणून मी कान देऊन बसते. या भावजी, बसा. जिलेबी राहू द्या. पाणीही कुठलंही चालेल. फक्त आधी कुणीतरी असं विचारायला हवं.