मुलगा रनिंग बॅक आहे

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. घरात लग्नाच्या वयाची मुलगी असली की थोडे साचतात. तिनं स्वतःच मुलगा पसंत केला की जरा जास्त. आणि तो मुलगा कॉलेजातला फुटबॉलपटू निघाला तर वर्षभरात इतके होतात, की कुणी साधं "कसं काय?" विचारलं तरी माणूस सुरू होतो. माझं तसं झालंय. तुम्ही विचारलंत, आता ऐका.

मुग्धा तेव्हा फार्मसी शिकत होती. एका रविवारी जेवताना म्हणाली, "मार्कसला एकदा घरी बोलवायचंय."

स्टडी ग्रुपमधला मार्कस हे नाव बरेच दिवस कानावर होतं, त्यामुळे आभाळ वगैरे कोसळलं नाही. मी बापाचा पहिला प्रश्न विचारला, "करतो काय?"

"ही इज अ रनिंग बॅक, बाबा."

सुलभा आमटी वाढत होती. तिनं डाव तसाच हवेत धरला आणि मला विचारलं, "पळून परत कुठे जातो?"

मुग्धानं कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. इथला फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नाही. त्यात बॉल काखेत मारून समोरच्या दांडगट पोरांच्या भिंतीत घुसायचं आणि जमेल तेवढं पुढे जायचं, हे रनिंग बॅकचं काम.

"आणि पाडलं तर?" सुलभा म्हणाली.

"पाडतातच, आई. दॅट्स द गेम."

पुढचा प्रश्न अर्थातच माझा, की कॉलेज संपल्यावर पोटापाण्याचं काय. तर म्हणे एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो, त्यात एखाद्या प्रोफेशनल टीमनं निवडलं तर निवडलं. मी म्हटलं, "ठीक आहे. एप्रिलमध्ये त्याचं काय ते ठरू दे, मग आपण बोलू." एवढं एक वाक्य बोललो आणि माझं वर्ष गेलं.

*

इथे अमेरिकेत, आमच्या चँडलर गावात, शनिवारी जेवायला जमणारा आमचा एक कंपू आहे. आम्ही दोघं, नागपूरचे डॉ. देशकर, जे आयुष्यभर हाडांचे डॉक्टर होते आणि आता रिटायर झालेत, आणि अनिकेत. अनिकेत पुण्याचा, आयटीतला, व्हिसावर आलेला, एकटा राहतो आणि मावशीकडे आल्यासारखा आमच्याकडे जेवतो. त्याला अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली होती आणि मला वीस, पण फुटबॉल त्याला कळत होता, मला नाही. त्यामुळे ड्राफ्ट म्हणजे काय, हे आम्हाला त्यानं सांगितलं.

"सोपं आहे, काका. बत्तीस टीम्स. आळीपाळीनं एकेक मुलगा उचलतात. सात राउंड होतात."

"आणि मुलाला कुठली टीम हवी असेल तर?"

"त्याला कोण विचारतं? त्याला फक्त बघतात. आधी बोलावून घेतात, अर्ध्या चड्डीवर उभं करून उंची-वजन घेतात, हाताचा पंजा मोजतात. मग पळून दाखव, उडी मारून दाखव. लेखी परीक्षा असते. घरचं कसं आहे, कुणाबरोबर फिरतोस, सगळं विचारतात. आणि मग कळवतो म्हणतात."

सुलभा हातातली पोळी खाली ठेवून ऐकत होती. "आणि कळवतात का?"

"बहुतेक नाही, काकू."

"मला बाबांनी साडी नेसून दिवाणखान्यात चालून दाखवायला लावलं होतं," ती म्हणाली. "केस सोडून दाखव म्हणाली होती एक बाई. बरं झालं. एकदा मुलांनाही कळू दे."

त्या दिवसापासून तिचा मार्कसवर जीव जडला. मी अजून त्याला नीट पाहिलंही नव्हतं.

*

मग ताईला फोन. माझी थोरली बहीण साताऱ्याला असते. दर पंधरवड्याला मी कॉलिंग कार्डावरून फोन करतो. मुग्धाचं तिला सांगणं भाग होतं, सांगितलं. मुलगा अमेरिकन आहे म्हणालो, त्यावर ती शांत राहिली. मला बरं वाटलं. खेळतो म्हणालो, त्यावरही शांत. मग म्हणालो, "एप्रिलमध्ये ड्राफ्ट आहे त्याचा, बघू काय होतं."

पुढच्या फोनला तिचा आवाज बसलेला. "काळजी करू नकोस, विनू. मी गणपतीला नवस बोललेय."

"अगं, कशाला एवढं?"

"कशाला काय? पोरगी कुंकू लावायच्या आत तो इराकला जायचा. त्याचं सिलेक्शन होऊ नये म्हणून एकवीस नारळांचं तोरण बोललेय मी."

तिचा नातू कॉलेजात शिकतो. त्यानं तिला सांगितलं होतं, की ड्राफ्ट म्हणजे अमेरिकेत तरुण पोरांना सक्तीनं सैन्यात घेतात. इराकचं युद्ध रोज टीव्हीवर होतं, तिला दुसरं काय वाटणार? मी कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत फुटबॉल समजावला. शेवटी तिला पटलं.

"मग आता नवस उलटा फिरव," मी म्हटलं.

ती म्हणाली, "असा कसा फिरवता येईल? देव काय तुमचा तिकीट एजंट आहे?"

*

हिवाळ्याच्या तोंडावर मुग्धा आम्हाला मॅचला घेऊन गेली. सुलभानं डबा घेतला होता, तो गेटवरच्या माणसानं आत नेऊ दिला नाही. त्यावरून तिथेच दहा मिनिटं गेली. शेवटी आम्ही तिघांनी गेटबाहेर उभं राहून मेथीचे ठेपले खाल्ले आणि मग आत गेलो.

आमच्या शेजारी मार्कसची आई बसली होती, लोरेटा. शाळेची बस चालवते. उंच, शांत बाई. नमस्कार-चमत्कार झाले. मॅच सुरू झाली आणि मार्कसच्या हातात पहिल्यांदा बॉल आला. तो चार पावलं पळाला आणि एका प्रचंड मुलानं त्याला असा आडवा केला, की त्याचं हेल्मेट आमच्यापर्यंत वाजलं.

सुलभा उभी राहिली. सगळं स्टेडियम खाली मैदानाकडे बघत होतं आणि ही वळून मागच्या रांगा न्याहाळत होती.

"काय शोधतेस? बस ना," मी म्हणालो.

"त्या पाडणाऱ्या मुलाची आई कुठे बसलीय?"

लोरेटानं मुग्धाला विचारलं, काय म्हणतेय तुझी आई. मुग्धानं लाजत लाजत इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, झालं, आता ही बाई काय म्हणेल.

लोरेटा म्हणाली, "सापडली तर मलाही दाखवा. मी चौदा वर्षं शोधतेय."

*

मॅचेस संपल्यावर अनिकेतनं माझा छळ सुरू केला. इंटरनेटवर म्हणे ड्राफ्टचे भविष्य सांगणारे लोक असतात. हा ऑफिसात बसून तेच वाचायचा आणि मला फोन करायचा. मी मीटिंगमध्ये असलो तरी.

"काका, चौथा राउंड. जवळजवळ पक्का."

आठवड्यानं, "काका, जरा घसरलाय. सहावा धरून चाला."

का घसरला? तर पळायच्या परीक्षेत कुणीतरी दुसरा त्याच्यापेक्षा डोळ्याची पापणी लवेल एवढ्यानं जास्त जोरात पळाला होता. पुन्हा आठवड्यानं, "पाचवा, काका. एका टीमच्या रनिंग बॅकला पोलिसांनी पकडलंय. आपल्याला चांगलं आहे."

मी देवासमोर उभा राहून कुणाला तरी पोलिसांनी पकडल्याचा आनंद मानतोय, इथपर्यंत माझी पाळी आली होती. त्यात परत दोन दिवसांनी ह्याचा फोन. कुठल्या तरी वेबसाइटवर मार्कसचं नाव आलंच नव्हतं. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"अनिकेत, तुला भविष्य एवढं कळतं ना? मग तुझं ग्रीन कार्ड कधी येणार ते सांग."

मग तो गंभीरपणे म्हणाला, "काका, ते कुणालाच सांगता येत नाही."

*

मार्कसचा डावा गुडघा आदल्या वर्षी दुखावला होता. लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, नंतर तो पुन्हा खेळला. सगळ्या टीम्स घुटमळत होत्या त्या ह्या गुडघ्यापाशी. मार्चमधल्या एका शनिवारी तो आमच्याकडे जेवायला आला. बासुंदीच्या दोन वाट्या झाल्यावर डॉ. देशकर त्याला म्हणाले, "चल, झोप इथे."

मार्कस मुकाट्यानं कार्पेटवर आडवा झाला. देशकर सत्तरीचे, पण एकदम त्यांचे हात वेगळे दिसायला लागले. त्यांनी डावा गुडघा वाकवला, नडगी पुढे ओढली, मागे ढकलली. मग उजव्याचंही तसंच केलं. आम्ही सगळे वाट्या हातात धरून उभे.

"गुडघा चांगला सांधलाय," ते मला मराठीत म्हणाले. "पण विनायक, हा खेळ गुडघा ठेवत नाही. चाळिशीत हा पोरगा कठडा धरून जिना उतरेल."

मार्कसनं खालूनच विचारलं, "काय म्हणाले ते?"

सुलभा घाईनं म्हणाली, "ही सेड, ईट मोअर."

"नो," मुग्धा म्हणाली. आणि तिनं त्याला जे होतं ते शब्द न शब्द सांगितलं. तिचा आवाज एकदाही हलला नाही. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की हे दोघं ह्या विषयावर आधीच बोललेले आहेत, आमच्याशिवाय.

मार्कस उठून बसला. "मला माहीत आहे, डॉक्टर. आत्तापर्यंत कितीतरी डॉक्टरांनी माझा डावा गुडघा ओढून बघितलाय. उजवा बघणारे तुम्ही पहिले."

देशकरांनी चष्मा पुसला. "उजवा जप," ते म्हणाले. "डाव्याचं कामही तोच करतोय."

त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?"

ते सीटबेल्ट लावत म्हणाले, "पोरगा बरा आहे. धंदा वाईट आहे."

*

शेवटी एकदाचा एप्रिल आला. ड्राफ्ट दोन दिवस चालतो, शनिवार आणि रविवार, आणि टीव्हीवर दाखवतात. लोरेटाकडे केबल नव्हती, म्हणून सुलभानं सगळ्यांना आमच्याकडेच बोलावलं. मला न विचारता.

शनिवारी पहिले तीनच राउंड, त्यात नाव येणार नव्हतंच, आलं नाही. रविवारी सकाळपासून सगळे टीव्हीसमोर. बटाटेवडे तळले जात होते, लोरेटा हातात बशी धरून बसली होती, पण वडा तसाच. मार्कसला बसवेना. चौथ्या राउंडला त्यानं सगळी भांडी घासली. पाचव्याला माझ्या गॅरेजचा वर्षभर कुरकुरणारा दरवाजा दुरुस्त केला. सहाव्याला अंगणातल्या लिंबाला पाणी घातलं. सातव्याला मात्र तो येऊन मुग्धाशेजारी बसला आणि शेवटचं नाव पुकारेपर्यंत तसाच बसून राहिला.

शेवटचं नाव त्याचं नव्हतं.

अनिकेतनं टीव्हीचा आवाज बंद केला. लोरेटानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मला स्वतःचंच कळेना. अख्खं वर्ष ज्या प्रकाराचा मला वैताग आला होता, त्यात ह्या पोराला घेतलं नाही म्हणून मीच चिडलो होतो. कधी न पाहिलेल्या माणसांना मी मनातल्या मनात साताऱ्याच्या शिव्या दिल्या.

तेवढ्यात मार्कसचा मोबाइल वाजला. तो घेतोय तोवर आमच्या घरचा फोन वाजला. त्यानं दोन्ही नंबर देऊन ठेवले होते.

"काका," अनिकेत कुजबुजला, "उरलेल्या मुलांना टीम्स आत्ता फोन करतात. सरावाच्या कॅम्पला ये, जमलं तर ठेवून घेऊ, नाहीतर घरी. पण आता मुलगा निवडू शकतो. फक्त पटकन. दोन मिनिटांत ते दुसऱ्याला फोन लावतील."

मोबाइलवर एका नावाजलेल्या टीमचा कोच होता. घरच्या फोनवर सगळं वर्ष हरलेल्या टीमचा. मार्कसला एक एजंट होता, पण त्याच्याकडे अशी बरीच मुलं, त्याचा फोन लागेना. दिवसभर कुणी निवडेल म्हणून वाट बघणारा मुलगा दोन कानांना दोन फोन लावून उभा होता आणि दोघांनाही "वन मिनिट, सर," म्हणत होता.

"पहिली टीम, डोळे झाकून," अनिकेत म्हणाला.

मुग्धा उठली. तिनं मार्कसच्या हातातून मोबाइल घेतला. "सर, तुमच्याकडे आत्ता रनिंग बॅक किती आहेत?"

उत्तर ऐकलं. मग घरचा फोन घेतला आणि तेच विचारलं. इथे ती जरा जास्त बोलली. त्यांच्यातला जायबंदी कोण, कॅम्पमध्ये ह्याला खरोखर पळू देणार की नुसता उभा करणार, टीमचा गुडघ्याचा डॉक्टर कोण. देशकर कान देऊन ऐकत होते. शेवटी तिनं मोबाइलवर "थँक यू फॉर कॉलिंग, सर," म्हणून तो बंद केला आणि घरचा फोन मार्कसच्या हातात दिला.

"ह्यांच्याकडे दोनच आहेत," ती म्हणाली.

मार्कस फोनवर "येस, सर" म्हणाला. पुन्हा "येस, सर." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि तो थांबला. फोनवर तळहात ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"सर, कोच विचारतायत, आत्ता बोलली ती कोण. माझी एजंट का? काय सांगू?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. सुलभानं झारा खाली ठेवला.

"सांग," मी म्हणालो, "घरची आहे."