ज्यानं त्यानं आपापला देव

आमच्या तालमीच्या कट्ट्यावर किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी चालत येतात. पूर्वी आम्ही त्यांवर पोट धरून हसायचो. हल्ली हसू अर्ध्यावर येतं आणि डोकं फिरतं!

आधी घरची ओळख. आमच्या तालमीच्या एकाच खोलीत भाद्रपदात गणपती बसतो आणि मोहरमला पीर. गणपतीच्या पाटाला पुढून खांदा रशीदचाचांचा. त्यांचं गाद्यांचं दुकान समोरच आहे. आणि पिराचा चांदीचा पंजा उठवायचा मान अध्यक्ष पिराजीरावांच्या घराण्याचा. पिराजीराव आईला पिराच्या नवसानं झाले, म्हणून हे नाव. कोल्हापुरात याचं कुणाला नवल नव्हतं.

*

पुण्याचे एक पाहुणे आले. भिंतीवरचे फोटो बघून गोंधळले. "इथं नक्की कोण बसतं, गणपती की पीर?"

चाचा म्हणाले, "ज्याची पाळी असंल त्यो!"

पाहुणे खो खो हसले. आमचे दोन नवे कार्यकर्ते मात्र हसले नाहीत. बिघडायला सुरुवात तिथून झाली.

*

गल्लीत मणिपूरची एक मुलगी भाड्यानं राहते, नर्सिंग शिकते. आरतीला आली, तर त्या दोन नव्या कार्यकर्त्यांतल्या एकानं हात आडवा घातला. "चायनावाल्यांनी बाहेरूनच दर्शन घ्यायचं!"

ती दोन वर्षांत मराठी शिकलीय. तिनं मांडवात लखलखणाऱ्या माळांकडे बोट केलं. "मग ही लाइटिंग आत कशी?"

पोरगी न थांबता निघून गेली. पुन्हा आरतीला आलेली नाही. आम्ही इतके जण उभे होतो, एकाचंही तोंड उघडलं नाही, याचा मला त्या कार्यकर्त्यापेक्षा जास्त राग येतो.

*

मग पिराजीरावांनी सलोखा समिती काढली! बैठकीला चाचांना बोलावलं नाही. का? तर "उगं त्येस्नी अवघडल्यागत हुईल."

बैठक संपल्यावर पेपरवाला फोटोला आला, तेव्हा चाचांची आठवण झाली. बिचारे दुकान सोडून इस्त्रीचा शर्ट घालून आले.

पिराजीराव कपाळाला हात लावून म्हणाले, "आवो चाचा, टोपी कुठाय? फोटूत कळणार कसं?"

चाचांनी जन्मात टोपी घातलेली नाही. शेवटी एकाला पळवून विकत आणली!

*

महाप्रसादाला चाची नेहमीप्रमाणे पदर खोचून वाढायला आल्या. नव्या सेक्रेटरीनं अडवलं. "मावशी, औंदा वाढप आपल्याच बायका करतील."

चाची म्हणाल्या, "बरं बाबा. पातेली तेवढी आमच्या घरातली हायत. भात वंजळीत घिऊन जावा."

सेक्रेटरी जेवणं होईपर्यंत पुन्हा दिसला नाही. वाढलं चाचींनीच.

*

एवढ्यानं शहाणपण यावं की नाही? उलट मोहरमच्या तोंडावर मीटिंग झाली आणि ठराव आला, "यंदापास्नं ज्यानं त्यानं आपापला देव उचलायचा." म्हणजे चाचांचा खांदा गणपतीला नको! मी उठून भांडलो, तर माझ्यासमोरचा माइक बंद केला. पिराजीराव टेबलाकडे बघत "मंजूर" म्हणाले. चाचा मागच्या खुर्चीवर बसले होते. उठले, चपला घातल्या आणि गेले.

*

मोहरमला पीर उठायची वेळ झाली. पिराजीराव आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, अनवाणी दारात हजर! मान घराण्याचा ना! ठराव त्यांच्या गावीही नव्हता. त्यांची म्हातारी आई पायरीवर हात जोडून बसलेली. माझं तर टाळकं सटकलं होतं.

चाचांनी आतून पंजा आणला. "धर."

पिराजीरावांनी दोन्ही हातांनी धरला. चाचांनी आपले हात काढले नाहीत.

"पिराजी, आता पीर हाय तुझ्या हातात. त्येला धरून सांग, गणपतीला मी यिऊ का नको?"

हलगी थांबली. पिराजीरावांची मान खाली गेली.

पायरीवरून म्हातारी कडाडली, "सांग की!"