पुन्हा जन्मलेला नवरा

तंजावरच्या पश्चिम वीधी या रस्त्यामागच्या गल्लीत वत्सला मुलींना शिवण शिकवायची. तिचा नवरा कल्याणराम पापनाशमला म्हणून गेला तो गेलाच. बारा वर्षं वाट पाहून सासऱ्यांनी, सीतारामरावांनी, शास्त्राप्रमाणे दर्भाचा पुतळा जाळला आणि सुनेचं कुंकू पुसलं गेलं.

पुढच्याच वर्षी, गल्लीत केबलच्या तारा ओढल्या जात होत्या तेव्हा, तो रंगीत टीव्ही घेऊन दारात उभा राहिला. तोच बांधा, तेच नाक. घरातली प्रत्येक गोष्ट त्याला पाठ. सासू शेषम्मांनी त्याला पोटाशी धरलं.

वत्सला मात्र त्याच्या केळीच्या पानाकडे बघत राहिली. त्याने पानाभोवती पाणी फिरवलं, उजवीकडे भाताच्या चित्राहुती मांडल्या. एक शीत इकडचं तिकडे नाही. कल्याणरामने मुंजीनंतर कधी चित्राहुती घातली नव्हती. त्यावरून बापलेकांची रोज जुंपायची. नवखा नट असाच फसतो. पाठ चोख, आणि माणूस गायब.

"माणूस बदलतो की गं," तिने हे बोलून दाखवल्यावर शेषम्मा म्हणाल्या.

"विचारून बघतो," सीतारामराव म्हणाले. "कावेरीत उभा राहून खोटं बोलेल तर बोलेल."

ते त्याला घेऊन पहाटे तिरुवैयारूच्या घाटावर गेले. परत आला तो एकटा. अप्पांचा पाय घसरला म्हणाला.

ज्याचं क्रियाकर्म झालं तो परतला, तर त्याला नव्याने जन्म घ्यावा लागतो. जातकर्म, मुंज, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. सुतक फिटताच शेषम्मांनी मुहूर्त धरला.

आदल्या दुपारी तो शिलाईमशीनशी येऊन उभा राहिला. "चित्राहुतीचं अप्पांच्या डोक्यात तूच भरवलंस ना?"

"त्यांना डोळे होते."

"म्हातारे होते बिचारे. तू तरुण आहेस. विहिरीवर जपून जात जा." आणि प्रेमळ नवऱ्यासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी तो घंगाळात मुठी आवळून अर्भकासारखा बसला. शेषम्मांनी त्याच्या जिभेला मध लावला. मग अंतरपाट धरला गेला. वत्सलाच्या कपाळावर पुन्हा कुंकू, हातात माळ. ती घातली की या माणसाला ती जन्माची बांधली जाणार होती.

तिने माळ पाटावर ठेवली आणि पदराने कपाळ पुसलं.

"मी कल्याणरामची विधवा आहे. हा कोण आहे ते पोलिसांनी विचारावं. अप्पा कसे बुडाले तेही."

भीमसेन भटजींच्या हातून अंतरपाट सुटला. शेषम्मांनी तिचा हात धरला. आवाज अगदी खाली आणला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. पण मला अम्मा म्हणतो तो. बस खाली."

"अप्पांनाही अप्पाच म्हणत होता, अम्मा. चला माझ्याबरोबर."

शेषम्मांनी हात सोडला. वत्सला निघाली, तिच्यामागून पिशवी सावरत भटजी. ती उंबऱ्याबाहेर थांबली, म्हातारीची वाट बघत.

आतून कडी लागली. ती कुणी लावली, ते तिला दिसलं नाही. ती चौकीकडे धावत सुटली.