माउलीच्या मागचे झरोके

"मॅडम, लग्न इथेच होईल ना?"

अंतोनकाका सकाळपासून हेच विचारत होते. काका परळच्या या जुन्या चर्चचे केअरटेकर. लग्न त्यांच्या एकुलत्या एका पोरीचं, रोझीचं. आणि अल्तारसमोर, म्हणजे वेदीपुढे, जिथे नवरानवरी उभी राहतात तिथल्या लाकडी फळ्यांत माझी टाच रुतत होती.

मी जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. हे चर्च एका इंग्रज साहेबाने बांधलं. साहेब कधीच वर गेला, पण माझं त्याच्याशी रोज भांडण. विलायतेत मोठं दार पश्चिमेला असतं, म्हणून पठ्ठ्याने इथेही पश्चिमेलाच काढलं. अरे बाबा, मुंबईत पाऊस तिकडूनच झोडपतो. कुणाला तरी विचारायचंस!

पण फळ्या कुजवणारी ओल दाराशी नव्हती. ती नेमकी उलट्या टोकाला, अल्तारखाली.

फादर म्हणाले, "तुम्ही सही दिलीत तर लग्न इथे. नाहीतर माहीमला. वऱ्हाड खाली गेलं तर मी काय उत्तर देऊ?"

काकांचा चेहरा पडला. त्यांचं लग्न याच जागेवर लागलेलं. रोझीची आई आता नाही. पोरीला आईच्याच जागेवर उभं राहायचं होतं.

मी बाहेरून चक्कर मारली. लाकडी जमिनीखाली पोकळी असते. तिथे वारा खेळला नाही की लाकूड कुजतं. त्यासाठी साहेबाने दोन्ही बाजूंच्या जोत्यात छोटे झरोके ठेवले होते. शाब्बास! अल्तारखालची पोकळी मात्र वेगळी, तिला वारा मागच्या भिंतीतूनच मिळणार. आणि तिथे एकही झरोका नाही. छे! डावीकडे खिडकी काढली की उजवीकडे काढणारच, असला हा माणूस. तो विसरेल?

त्या भिंतीला चिकटून सिमेंटची गुहा होती. आत मदर मेरी, निळे दिवे, झेंडूचा ताजा हार.

"ही कुणी बांधली?"

"मीच," काका म्हणाले. "नवस होता. आम्हाला मूल होत नव्हतं. रोझी झाली, माउलीला घर दिलं."

"मागे भिंतीत काही होतं?"

"बारकी भोकं होती. उंदीर यायचे. मस्त बुजवून टाकली."

झालं! दुखणं सापडलं आणि माझीच झोप उडाली. कुणाच्या नवसावर हातोडा घाल म्हणून सांगायचं कसं? लालबागला माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं.

तरी सांगितलं. "काका, गुहा काढावी लागेल. भिंतीपासून हातभर लांब नवीन बांधू, मी जातीने उभी राहीन. नाहीतर नव्या फळ्याही कुजतील."

काकांनी माउलीच्या गळ्यातला हार सरळ केला. मग डोळे पुसले.

"पोरगी घर बदलते, मग माउलीने का नाय बदलायचं?"

मूर्ती त्यांनीच उचलून आत नेली. पहिला घावही त्यांनीच घातला. मला बघवलं नाही.

झरोके मोकळे केले, जाळ्या बसवल्या, कुजलेल्या फळ्या बदलल्या. मग फादरसमोर मी त्यांवर उड्या मारून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. आवाज ठणठणीत आला आणि मी सही केली.

लग्नाच्या दिवशी भिंतीवर ओलीचे डाग होतेच. जुनी भिंत सावकाश सुकते, तिला मुहूर्त कळत नाही. रोझी आईच्या जागेवर उभी राहिली. काका हमसाहमशी रडले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मॅडम, उंदीर नाय ना येणार?"

तर मंडळी, जुन्या इमारतीत भोक दिसलं की लगेच सिमेंट कालवायला घेऊ नका. बांधणारा वेडा नव्हता.

पश्चिमेच्या दाराचं सोडून.